चौथं बेअरिंग

करणसिंग गिरासे यांना आपल्या कानांचा भारी अभिमान. घोडा दारावरून गेला की घरात बसल्या बसल्या ते सांगायचे, कुठल्या पायाचा नाल ढिला झालाय. पुढे मुलं शिकून सुरतेला गेली, घोड्या एकेक करून विकल्या गेल्या, तबेल्यात पपईचे क्रेट आले, पण कान तसेच तल्लख राहिले. त्यामुळे नव्याकोऱ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून ‘घूंऽऽ’ असा आवाज यायला लागला तो सगळ्यांत आधी बापूंनाच ऐकू आला, यात नवल काहीच नव्हतं. सारंगखेड्यात त्यांना सगळे बापूच म्हणत. नवल याचं होतं, की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घेतलेली गाडी दसऱ्याला कण्हायला लागावीच कशी?

आवाज तरी कसा, तर दूर कुणाच्या शेतात मळणीयंत्र चालू असावं तसा. चाळिसाच्या पुढे काटा गेला की सुरू, उजवीकडे वळण घेतलं की मोठा, डावीकडे घेतलं की बारीक. बापूंनी आधी खिडकी बंद करून ऐकला, मग उघडून ऐकला, मग पत्नीला, गुलाबबाईंना, मागच्या सीटवर बसवून ऐकवला. त्यांना काही ऐकू आलं नाही. बापू त्यांच्यावरच चिडले.

गाडी चालवायला जामसिंग होता. मोलगीकडचा माणूस. एकोणीस वर्षांपूर्वी ऊसतोडीला म्हणून डोंगरातून खाली उतरला आणि बापूंच्या जुन्या जीपच्या स्टिअरिंगमागे बसला तो बसलाच. बोलणं इतकं कमी, की गुलाबबाई म्हणायच्या, या माणसाला शिंक आली तरी तो गिळून टाकत असेल. त्याने आवाज ऐकला, मान हलवली आणि गाडी नंदुरबारच्या शोरूमला नेली.

शोरूमवाल्यांनी पहिल्यांदा हसतमुखाने बेअरिंग बदलून दिलं. एखादा नग खराब निघतो, म्हणाले. गावच्या डिसेंबरातल्या घोडेबाजाराच्या आधी मागचं उजवं गेलं. तेही वॉरंटीत बदललं, फक्त हसणं जरा कमी झालं. संक्रांत उलटली आणि डावं परत घुमायला लागलं, तेव्हा मात्र तिथल्या तरण्या इंजिनिअरने बापूंना आत बोलावलं, बेअरिंग फोडून टेबलावर ठेवलं आणि आतल्या गंजावर बोट टेकवलं.

“यात पाणी गेलंय, साहेब. गाडी पाण्यात घातली आहे तुम्ही. हे वॉरंटीत बसत नाही.”

“पाण्यात?” बापूंचा आवाज चढला. शोरूममध्ये ते घरची अहिराणी बाजूला ठेवून ठेवणीतली मराठी बोलत. “अहो, पावसाळा जाऊन चार महिने झाले! आमच्या गावाला एवढा मोठा पूल आहे, डांबरी रस्ता आहे. मी काय गाडी होडीसारखी वापरतो?”

“मग नाल्यातून, ओढ्यातून गेली असेल. पाण्याशिवाय असा गंज चढत नाही.”

बापू खोटं बोलत नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. देवावर हात ठेवून ते म्हणाले असते, की माझी गाडी पाण्यात गेलेली नाही. म्हणूनच तर त्यांना धक्का बसला. ज्या गाडीला आपण जिवापाड जपतो ती कुणीतरी आपल्या माघारी पाण्यात घालतं, या विचाराने त्यांचे कान तापले. नवीन बेअरिंग पदरच्या पैशांनी बसवून घेतलं आणि ते परत निघाले. शेजारी जामसिंग गाडी चालवत होता आणि बापू त्याच्या हातांकडे बघत होते. दिवाळीत याला दोन दिवस गाडी दिली होती, भाचीच्या लग्नाला. मोलगीच्या पलीकडे पाड्यापाड्यावर ओढे. तिथे माणसं जीपच्या टपावर बसून जातात. रिकामी गाडी दिसली की कोण सोडतो? एकदा मनात असं आलं की पुढचं सगळं आपोआप जुळत जातं. बापूंचंही जुळलं.

गाडी सरळ तापीच्या घाटावर आली. ही रोजची रीत. शहाद्याहून या, दोंडाईच्याहून या, की नंदुरबारहून या, घरी जाण्याआधी घाट. घोड्यांच्या काळापासूनची सवय. खाली बॅरेजमुळे पाणी बाराही महिने तुंबलेलं. उतारावर आलं की जामसिंगने खाली उतरायचं आणि बापूंनी स्वतः स्टिअरिंग हातात घ्यायचं. इंजिन भिजू नये म्हणून गाडी उलटी आत घ्यायची, मागची चाकं अर्धी बुडेपर्यंत. मग धोतर खोचून बापू पाण्यात उतरायचे, जामसिंग नारळाच्या चोथ्याने चाकं घासायचा, आणि बापू बादलीने टपावर पाणी मारत गाडीशी गप्पा मारायचे. आजूबाजूला भाऊबंदांचे घोडे, म्हशी, धुणं धुणाऱ्या बाया. बापूंचा दिवसातला हाच खरा आनंदाचा वेळ होता.

त्या दिवशी मात्र बादली रिकामीच राहिली.

“जामसिंग,” गुडघाभर पाण्यात उभे राहून बापू गरजले, “खरं सांग. गाडी नालामा कव्हय टाकी?”

चोथा घासायचा थांबला. “नहीं टाकी, बापू.”

“मंग बेअरिंगमा पानी कोठून वनं? आभायमातून पडनं का?”

जामसिंगने बापूंकडे बघितलं. मग मागच्या चाकांकडे बघितलं. चाकाभोवती पाणी हळूहळू हलत होतं. घाटावर चुलतभाऊ ईश्वर घोड्याला पाणी दाखवत उभा होता, आणखी चारसहा गिरासे होते, सगळ्यांचे कान इकडेच. जामसिंगने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

“बोल ना! तोंडमा काय शे? मोलगीले मन्ही गाडीवर सवाऱ्या भऱ्यात ना? एकोणीस वरीस मन्हं मीठ खाईसन माले फसाडं? चोर शे तू, चोर!”

शब्द पाण्यावरून पार पलीकडे गेला असेल. धुण्याचा आवाज थांबला. जामसिंगने चोथा बॉनेटवर ठेवला, हात धुतले, काठावरच्या चपला उचलल्या आणि पायऱ्या चढून गेला. मागे वळून बघितलं नाही. एवढा गप्प बसला म्हणजे चोरच, असं बापूंनी मनाशी ठरवलं, आणि एकट्याने चाकं घासली.

पुढचा सव्वा महिना बापूंनी गाडी स्वतः चालवली. दुसऱ्या कुणाच्या हातात किल्ली म्हणून दिली नाही. शहादा, दोंडाईचा, शेत, आणि संध्याकाळी घाट. गाडी लोण्यासारखी चालत होती, आणि रोज गुलाबबाईंना ते ऐकवत होते, बघ, माणूस गेला आणि दुखणं गेलं. गुलाबबाई जेवण वाढून निघून जायच्या. जामसिंग गेल्यापासून त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलत.

आणि एके दिवशी, शहाद्याहून येताना, पुलाच्या अलीकडे, ‘घूंऽऽ’.

बापूंनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. परत सुरू केलं, थोडी पळवली. ‘घूंऽऽ’. मागचं डावं. शंकाच नव्हती, ते कान कधी चुकले नव्हते. हे बेअरिंग बसवलं त्या दिवसानंतर जामसिंगने या गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. मोलगी राहू दे, ही गाडी तळोद्यालाही गेली नव्हती. मार्चचं ऊन टपावर तापत होतं आणि बापू स्टिअरिंगला धरून तसेच बसून राहिले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून शिवी दिली तेव्हा कुठे ते भानावर आले.

शोरूमला जायची हिंमत नव्हती. त्यांनी गाडी उलटी फिरवली आणि शहाद्याला उमाकांतच्या गॅरेजमध्ये घातली. उमाकांत जुन्या जीपच्या दिवसांपासूनचा मिस्तरी. त्याने चाक काढलं, बेअरिंग उपसलं, कडेचं रबरी सील पेचकसाने उचकटलं आणि आत बोट फिरवून बापूंसमोर धरलं. ग्रीस काळं नाहीतर तांबूस असायला हवं. हे दुधाळ होतं, जास्त दुधाच्या चहासारखं, आणि त्यात बारीक रेती.

“पानी शे बापू. आनी नदीनी रेती.”

“कसं व्हई? मी एकलाच चालाडस गाडी!”

उमाकांत बाकीची तिन्ही चाकं फिरवून आला. “पुढचे दोन्ही ठणठणीत शेतस. नालामातून गई ऱ्हाती तं चारी चाकं भिजतात. हाई गाडी निस्ती मांगेतूनच भिजस. तुम्ही धुतस कोठे?”

बापूंनी सांगितलं. आधी अभिमानाने सांगितलं, घरच्या नळाच्या पाण्याने नाही, तापीच्या पाण्याने, रोज, आल्याबरोबर. सांगता सांगता ‘उलटी’ या शब्दावर त्यांची जीभ जराशी अडखळली. उमाकांतने हात पुसले आणि एका जुन्या टायरवर बसला.

“बापू, एक इचारू? घामानी निथळता घोडा पळाडत आना, आनी तसाच नदीमा घाला. चाली का?”

“पागल शे का तू?” बापू उसळले. “छाती भरी जाई त्यानी! आधी फिरावा लागस, घाम जिरू द्या लागस, मंग पा...”

त्यांनी उचकटलेल्या बेअरिंगकडे बघितलं.

उमाकांत हळू आवाजात समजावत राहिला. वीस-पंचवीस किलोमीटर पळून आलेलं चाक, ब्रेकने आणखी तापलेलं. ते एकदम गार पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. रोज थोडं थोडं. बापूंना अर्धं ऐकू येत होतं. घोड्याच्या बाबतीत हे त्यांना सातव्या वर्षी ठाऊक झालं होतं.

“पन जीप!” त्यांनी शेवटची काडी धरली. “जीपबी वीस वरीस रोज नदीमा जाये! तिले का काही व्हयनं नहीं?”

“तिनं बेअरिंग उघडता ये. हाई आतेनं डबाबंद ऱ्हास, बिघडं का फेका. जामसिंग दर महिनाले येये ना आठे, मन्हा गॅरेजमा. चाकं खोले, डिझेलमा बेअरिंग धुये, नवं ग्रीस भरे. मी एक डाव म्हनं, इतलं कसाले करस भो? तं म्हने, बापूले नदी आवडस.”

बापू गॅरेजच्या दारात उभे राहिले. वीस वर्षं ते लोकांना सांगत आले होते, की माझ्या जीपचं लोखंडच वेगळं. आता आठवलं तरी लाजेने मान खाली जात होती. चार बेअरिंगं मीच मारली, आणि एक माणूसही घालवला.

घरी आल्यावर त्यांनी गुलाबबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा नवऱ्याकडे नीट बघितलं. “माले काय सांगतस? ज्याले सांगानं त्याले सांगा. उद्या मोलगीना बाजार शे.”

होळीच्या आधीचा बाजार, त्यामुळे मोलगीत पाय ठेवायला जागा नव्हती. डोंगरातून पायी उतरलेली माणसं, पाठीवर लेकरं, डोक्यावर टोपल्या, आणि रस्त्याच्या कडेला जीपगाड्यांची रांग. बापूंना जामसिंग सापडला तो एका जीपच्या टपावर, ज्वारीची पोती दोराने आवळताना. एकोणीस वर्षं ज्याने स्टिअरिंग धरलं, तो हमाली करत होता. बापूंनी खालून हाक मारली.

जामसिंगने वाकून बघितलं. झरकन खाली उतरला. “बापू? काय व्हयनं? आई बरी शे ना?”

आई म्हणजे गुलाबबाई. चोर म्हणून ज्याला हाकललं, त्याने पहिला प्रश्न काय विचारावा!

“बरी शे. गाडी बिघडनी. चौथा डाव.”

“मांगलंच?”

“मांगलंच.” बापू त्याच्याकडे बघत राहिले. “तुले ठाऊक व्हतं.”

“हां.”

“मंग सांगं का नहीं?”

“दोन डाव सांगं, बापू. आज ऱ्हाऊ द्या, चाक तपेल शे म्हनं. तुम्ही म्हनात, जामसिंग आते आळशी व्हई गया.”

बापूंना आठवलं. म्हणाले होते खरं, आणि वर हसलेही होते.

“पन त्या दिन! मी तुले भर घाटवर चोर म्हनं! त्या येळले एक बोट पानीकडे दाखाडतास तरी पुरतं!”

जामसिंग दोराचं टोक हातात गुंडाळत राहिला. “तुम्ही पानीमा उभा राहीसन इचारतस, पानी कोठून वनं. समोर तुमना सारा भाऊबंद. मी बोट दाखाडतू तं त्या आजलोंग हासतात तुमले. माले नहीं व्हयनं ते.”

इतकं लांब बोलणं त्याच्या तोंडून बापूंनी कधी ऐकलं नव्हतं. ज्या क्षणी आपण याची अब्रू चार लोकांत धुळीला मिळवत होतो, त्याच क्षणी हा आपली अब्रू झाकत होता. त्याच पाण्यात, एका हाताच्या अंतरावर. बापूंना रडायला येत होतं आणि बाजारात रडता येत नव्हतं.

तेवढ्यात जीपचा मालक कुंदन आला आणि जामसिंगवर खेकसला, की पोती आवळायला किती वेळ. बापूंनी त्यालाच धरलं. “इतला हुशार ड्रायव्हर शे, त्याले टपवर काबं चढाडं? जीप दे ना त्याले.”

कुंदनने त्यांना वरून खाली न्याहाळलं. “तुम्ही सारंगखेडाना बापू का? मंग माले काय इचारतस? तुम्हीच चोर म्हनात ना त्याले? दुसराच बाजारले बातमी वनी आठे. चोरले किल्ली कोन देस?”

मग बापूंनी जे केलं ते त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. जीपच्या मागच्या पायरीवर चढले, टोपी काढून हातात घेतली आणि ओरडून सांगायला लागले, की जामसिंग चोर नाही, गाडी मीच रोज तापलेली नदीत घातली, मीच बिघडवली आणि आळ याच्यावर घातला. निम्म्या लोकांना त्यांची अहिराणी कळलीच नाही. कुंदन शेजारी उभा राहून भिलीत सांगायला लागला, त्यामुळे हसू दोनदा आलं. आधी थोडं, मग सगळ्या बाजारभर. तापलेल्या गाडीला नदीत आंघोळ! एक म्हातारी तर डोक्यावरची टोपली खाली ठेवून हसली. आपल्याला कुणी इतकं हसेल, हे बापूंनी साठ वर्षांत कल्पनेतही आणलं नव्हतं. त्या सगळ्या गर्दीत फक्त जामसिंग हसत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

हसून झाल्यावर कुंदनने खिशातून जीपची किल्ली काढली आणि जामसिंगच्या हातात दिली.

बापू पायरीवरून उतरले. मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. “चाल,” ते म्हणाले, “घर चाल. आई वाट दखी ऱ्हायनी.”

“नहीं, बापू. आते आठेच चालाडसू.”

“अरे, मी सांगं ना सारास्ले! आते काय ऱ्हायनं?”

जामसिंग जीपमध्ये चढला, आरसा आपल्या उंचीला लावला आणि मग बोलला. आवाजात राग नव्हता. “सांगं, ते चांगलं करं. पन आठे तुमले कोन वळखस?”

जीप सवाऱ्यांनी भरली आणि निघून गेली. बापू धुळीत उभे राहिले. आपण केवढी बहादुरी केली असं दोन मिनिटांपूर्वी वाटत होतं. आणि खरंच, परक्या गावात, परक्या माणसांपुढे टोपी काढायला असं काय लागतं? चोर हा शब्द घाटावर तसाच पडून होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बापू घाटावर पायी गेले. ईश्वर घोड्याला खरारा करत होता. बाकीचे भाऊबंद होते, बायाही होत्या. बापू खालच्या पायरीवर उभे राहिले. मोलगीच्या भर बाजारात निघालेला आवाज इथे निघेना. दोनदा खाकरले. मग सांगितलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आपण कुठे उभे होतो, काय विचारलं, आणि जामसिंगने तोंड उघडून का मिटलं, तेही.

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. ईश्वरने खरारा खाली ठेवला.

“म्हनजे तुम्ही माफी मांगी त्यानी?”

“मांगी.”

“मंग कव्हय यी ऱ्हायना तो परत?”

“नहीं यी ऱ्हायना.”

“काबं? इतलं करं तुम्ही, मोलगीलोंग गयात, तरी आखडी ऱ्हायना का तो?”

बापूंनी ईश्वरकडे बघितलं. उत्तर देताना विचार करावा लागला नाही, आणि त्याचाच त्यांना धक्का बसला.

“आखडी नहीं ऱ्हायना,” ते म्हणाले. “त्याना जागावर मी ऱ्हातू, तं मीबी येतू नहीं.”